वाटेवर जखमी झालेला आपला माणूस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात काय घडते, हे आपल्या भागातील लहान मुलासही सांगावे लागत नाही. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा, आणि दोन्ही बाजूंनी गोट्यांचा वर्षाव. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. प्रशासन डॉक्टर, औषधे आणि रुग्णवाहिका आधीच सज्ज ठेवते. मार किरकोळ असेल तर तेथेच टाके पडतात. डोक्यास किंवा डोळ्यास गंभीर इजा झाली असेल तर रुग्णवाहिका नागपूरची वाट धरते. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहूनही जवळ. रस्ता ओळखीचा, बोली ओळखीची, आणि बहुतेक घरांचा कोणी ना कोणी नातलग नागपुरात असतोच. जखमीस कोठे न्यावे, कसे न्यावे, हा प्रश्न म्हणूनच आपणांस फारसा पडत नाही.

परंतु वाचकहो, हाच आपला माणूस देशाच्या सीमेपलीकडे जखमी होऊन पडला तर? आता आपल्या खेड्यांतूनही माणसे दूरवर जातात. कोणाचा मुलगा आखातात गाडी चालवितो, कोणाची मुलगी परक्या देशातील रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी आयुष्याची पुंजी जमवून पवित्र भूमीची यात्रा करतो, तर कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीने बसगाडीत बसून नेपाळ पाहून येतो. जाताना आपण त्यांस औक्षण करून, प्रार्थना म्हणून निरोप देतो. शिदोरी बांधतो, लोणच्याची बरणी देतो. मात्र वाटेत काही वाईट घडले तर कोणी काय करावयाचे, हे बोलणे अशुभ मानून टाळतो. ते बोलणे घरात एकदा व्हावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

जळगावच्या यात्रेकरूंवर आलेला प्रसंग

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. जळगाव जिल्ह्यातील भुसावळ व वरणगावच्या परिसरातील शंभराहून अधिक भाविक तीन बसगाड्यांतून नेपाळच्या यात्रेस गेले होते. त्यांत नवराबायको होती, विहीणी-विहीणी होत्या, एकाच आळीतील शेजारी होते. २३ ऑगस्ट रोजी, शुक्रवारी, पोखऱ्याहून काठमांडूकडे जात असता त्यांपैकी एक गाडी तनहुँ जिल्ह्यात रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीच्या बाजूस खोल कोसळली. सत्तावीस माणसे प्राणास मुकली. जे वाचले त्यांतील गंभीर जखमींस हेलिकॉप्टरने काठमांडूच्या रुग्णालयात हलविण्यात आले.

जळगाव जिल्ह्यातील गावागावांत त्या रात्री चूल पेटली नाही. आपला माणूस मेलेल्यांत आहे की वाचलेल्यांत, हेच कित्येक घरांस पहिले काही तास कळेना. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि काठमांडूची भारतीय वकिलात यांची धावपळ सुरू झाली. त्या भागातील खासदार व केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः नेपाळला गेल्या. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, भारतीय हवाई दलाचे विमान मृतदेह घेऊन जळगावास उतरले. गंभीर जखमी मात्र काठमांडूच्या रुग्णालयातच राहिले. त्यांतील काहींची प्रकृती प्रवास सोसण्याजोगी झाल्यावर त्यांस विमानाने मुंबईस आणून पुढील उपचार करण्यात आले.

या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मेलेली माणसे आधी घरी आली, जिवंत माणसे मागाहून आली. वरवर पाहता हे उफराटे वाटते. विमान जर आलेच होते, तर ज्यांचा जीव वाचवावयाचा त्यांस आधी का आणले नाही, असे कोणाच्याही मनात येईल. उत्तर सरळ आहे. मृतास प्रवासाने आणखी इजा होत नाही, जखमीस होते. घरी आणण्याची घाई हीच कधी कधी जखमीच्या जिवावर उठते.

आणखी एक उदाहरण पाहू. राजस्थानातील किशनगडचा गिर्यारोहक अनुराग मालू १७ एप्रिल २०२३ रोजी नेपाळातील अन्नपूर्णा शिखरावरून उतरताना बर्फाच्या खोल भेगेत पडला. तिसऱ्या दिवशी, २० एप्रिलला, शोधपथकाने त्यास जिवंत बाहेर काढले. विमानाने काठमांडूहून दिल्ली दोन तासांच्या आसपासची वाट. तरीही त्यास दिल्लीच्या एम्स रुग्णालयात आणले ते ११ मे रोजी, हवाई रुग्णवाहिकेतून. मधले तीन आठवडे काठमांडूच्या डॉक्टरांनी त्याचा जीव टिकविण्यात घालविले. दोन तासांच्या प्रवासाची तयारी तीन आठवडे चालली, असे म्हटले तरी चालेल.

आधी जवळचे रुग्णालय

संत लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याची कथा आपण किती वेळा ऐकली असेल! यरुशलेमहून यरीहोस जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो आणि अर्धमेला होऊन पडतो. परका शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्यास उतारशाळेत नेतो. आपण या कथेतून दया शिकतो, ते योग्यच. परंतु त्या शोमरोन्याचे व्यवहारज्ञानही पाहण्यासारखे आहे. त्याने जखमीस उचलून थेट त्याच्या घरी पोहोचविण्याचा खटाटोप केला नाही. आधी जागेवर मलमपट्टी, मग जवळात जवळचा निवारा, रात्रभर सोबत, आणि सकाळी पुढल्या खर्चाची हमी, असा त्याचा क्रम होता. आजचे वैद्यकशास्त्रही हाच क्रम सांगते.

विमानप्रवासाने जखमीस काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. विमान फार उंचावरून उडते. आतील हवेचा दाब यंत्राने वाढविलेला असला तरी तो जमिनीवरील दाबाइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच तो असतो. तेथे प्राणवायू विरळ लागतो. धडधाकट माणसास ते जाणवत नाही. पण ज्याच्या फुप्फुसास मार आहे, ज्याचे रक्त पुष्कळ गेले आहे, त्यास धाप लागते. दुसरे असे की, दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते, आणि ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. विमानात खाऊचे बंद पाकीट टम्म फुगलेले प्रवाशांनी पाहिलेले असते. तसेच छातीत, कवटीत किंवा नुकत्याच शिवलेल्या पोटात हवा अडकून राहिली असेल तर ती तेथे फुगते आणि जीव धोक्यात घालते. म्हणून फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, डोक्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया ताजी असेल, तर डॉक्टर काही दिवस, प्रसंगी काही आठवडे, विमानास मनाई करतात.

मोडलेल्या हातापायाचेही तसेच. ताजे प्लॅस्टर घातल्यावर आत सूज वाढते. म्हणून पहिल्या एकदोन दिवसांत प्रवास करावयाचा झाल्यास प्लॅस्टर उभे चिरून सैल करून देतात. पाय मोडलेला माणूस तासन् तास न हलता पडून राहिला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते. त्यासाठी औषध द्यावे लागते. ज्याचा जबडा तारांनी बांधला आहे, त्याच्या सोबत्याजवळ तार कापण्याची कातरी असावी लागते, कारण ओकारी आली तर तोंड उघडले नाही म्हणून माणूस गुदमरेल. ही बारीकसारीक वाटणारी कामे जाणत्या डॉक्टराविना कोणास सुचणार?

यास्तव परदेशातून दुःखद फोन आला की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ‘कधी आणता?’ असा येतो, तो आवरावा. पहिला प्रश्न असा असावा: ‘तो आता कोठे आहे, तेथे त्याच्यावर पुरेसे उपचार होऊ शकतात काय, आणि त्यास हलविता येईल असे डॉक्टर म्हणतात काय?’ तेथे उपचार होत असतील तर थांबण्यातच शहाणपण आहे. होत नसतील तर पुष्कळदा घराऐवजी त्याच देशातील मोठ्या शहरी नेणे हेच पहिले पाऊल असते. तनहुँहून काठमांडूस नेले, ते याच कारणाने.

रात्री फोन वाजतो तेव्हा

सौंसरजवळच्या एखाद्या खेड्यातील घर डोळ्यांपुढे आणू या. रात्रीचे अकरा वाजले आहेत. आखातात कामास असलेल्या मुलाच्या खोलीतील सोबत्याचा फोन येतो की, तो पाडावरून पडला, इस्पितळात आहे, बोलत नाही. आई रडू लागते. बाप उठून कंदील लावावा तसा घरातील सारे दिवे लावतो आणि म्हणतो, ‘बाग विकतो, पण पोराला विमानाने आणतो.’ झाडांवर आंबिया बहार आहे. सकाळी तो व्यापाऱ्याकडे जाईल, बहार उक्ता देऊन टाकील. नडलेल्याचा माल व्यापारी ओळखतो आणि पडेल भावाने घेतो. ही माया खरी आहे. तिची थट्टा कोणी करू नये. पण बाग विकण्यापूर्वी त्या बापाने करावयाची काही कामे आहेत, आणि त्यांस पैसा लागत नाही.

एक, फोन करणाऱ्याकडून रुग्णालयाचे नाव, गाव, विभाग आणि उपचार करणाऱ्या डॉक्टराचे नाव कागदावर उतरून घ्यावे. दोन, त्या देशातील भारतीय वकिलातीस, म्हणजे दूतावासास, कळवावे. प्रत्येक वकिलातीत अडचणीतील भारतीयांसाठी अधिकारी नेमलेला असतो व रात्रीअपरात्रीसाठी वेगळा दूरध्वनी असतो. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ नावाची संगणकीय तक्रारव्यवस्थाही सुरू केली आहे. तीत नोंद केली की प्रकरणास क्रमांक मिळतो आणि पुढे विचारपूस करणे सोपे जाते. गावातील शिकलेला मुलगा हे काम मोबाइलवरून करू शकतो. तीन, विमा असेल तर विमा कंपनीच्या मदत केंद्रास सर्वांत आधी कळवावे. पुष्कळ विमापत्रांत अशी अट असते की, मोठा खर्च किंवा जखमीस हलविण्याचा निर्णय कंपनीस विचारून व्हावा. न विचारता विमान ठरविले तर पैसे नाकारले जाऊ शकतात. चार, मुलगा नोकरीस असेल तर मालकास लेखी कळवावे.

पाचवी गोष्ट सावधगिरीची. अशा वेळी ‘रुग्णालयातून बोलतो, लगेच इतके पैसे पाठवा’ असे सांगणारे भामटेही फोन करतात. वकिलातीमार्फत किंवा रुग्णालयाच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री झाल्याविना एक रुपयाही पाठवू नये. तसेच आपणांस न कळणाऱ्या भाषेतील कागदावर जखमीने किंवा नातलगांनी सही करू नये. अपघाताची भरपाई मिळावयाची असेल तर तेथील पोलिसांचा कागद अत्यंत महत्त्वाचा असतो. माणूस मायदेशी आला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. वकिलातीच्या सल्ल्याने मुखत्यारपत्र देऊन दावा पुढे चालविता येतो.

आणखी एक शिकण्याजोगी घटना. २०२५ सालच्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील एक विद्यार्थिनी अमेरिकेत वाहनाच्या धडकेने बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडली. पुढील उपचारांसाठी तिच्या माणसांनी जवळ असणे आवश्यक होते. पण वडिलांस व्हिसाची तारीख लवकर मिळेना. वृत्तपत्रांतून हाक गेली, लोकप्रतिनिधींनी व परराष्ट्र मंत्रालयाने लक्ष घातले, तेव्हा तातडीचा व्हिसा मिळाला. यातून आपण घ्यावयाचा धडा असा की, ज्या घरातील मूल परदेशी आहे, त्या घरात निदान एका वडीलधाऱ्याचा पासपोर्ट काढलेला व मुदतीत असावा. तो नसेल तर व्हिसाची गोष्टच निघत नाही.

प्रवास कसा होतो

डॉक्टरांनी परवानगी दिली की प्रवासाचे तीनचार मार्ग असतात. सर्वांत महाग मार्ग म्हणजे हवाई रुग्णवाहिका. ते लहानसे विमान म्हणजे उडता अतिदक्षता विभागच असतो. त्यात डॉक्टर, श्वासाचे यंत्र, औषधे सारे असते, आणि गरज पडल्यास ते कमी उंचीवरून उडवून आतील दाब जमिनीजवळचा राखता येतो. खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. ज्यास खरोखर त्याची गरज आहे त्यासाठीच तो करावा.

दुसरा मार्ग बहुतेकांस ठाऊक नसतो. नेहमीच्या प्रवासी विमानातही काही कंपन्या स्ट्रेचर बसवून देतात. मागील बाजूच्या सहा किंवा अधिक आसनांच्या पाठी पाडून त्यांवर स्ट्रेचर घट्ट बांधतात व भोवती पडदा लावतात. तेवढ्या आसनांचे भाडे भरावे लागते, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका असावी लागते, आणि दोनतीन दिवस आधी विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा नमुना डॉक्टरांकडून भरून द्यावा लागतो. कंपनीच्या डॉक्टरांनी मान्यता दिल्यावरच जागा मिळते. तरीही हा खर्च हवाई रुग्णवाहिकेपेक्षा पुष्कळ कमी असतो. तिसरा मार्ग म्हणजे चाकांच्या खुर्चीवरून, सोबत्यासह, साध्या आसनावर बसून येणे. बरा होत आलेला जखमी पुष्कळदा असाच येतो. आणि नेपाळसारख्या शेजारच्या देशातून जमिनीची वाटही खुली आहे. सीमेपर्यंत रुग्णवाहिका, तेथून गोरखपूर, आणि गोरखपूरहून नागपूरमार्गे दक्षिणेस जाणारी आगगाडी. उंचीचा त्रास ज्यास होऊ नये, पण जो लांबचे धक्के सोसू शकेल, त्यास डॉक्टर हा मार्ग सुचवू शकतात.

कोणत्याही मार्गाने आणावयाचे झाले तरी साखळी अंथरुणापासून अंथरुणापर्यंत जुळलेली असावी. तेथून निघण्यापूर्वीच इकडच्या रुग्णालयाने ‘आम्ही या रुग्णास दाखल करून घेऊ’ असे लेखी कळविलेले असावे. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, औषधांची यादी, क्ष-किरण व स्कॅनच्या तबकड्या सोबत असाव्यात, आणि अहवाल इंग्रजीत मागून घ्यावा. अरबी किंवा नेपाळी अहवाल नागपूरच्या डॉक्टरापुढे ठेवून काय उपयोग? पासपोर्ट अपघातात हरवला असेल तर वकिलात तातडीचे प्रवासपत्र देते. विमान उतरेल तेथे रुग्णवाहिका थेट विमानापर्यंत यावी म्हणून विमानतळाची परवानगी आधी काढावी लागते. आपल्या दृष्टीने नागपूर सोयीचे आहे. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे, आणि विमानतळालगतच्या मिहान भागात एम्स रुग्णालयही उभे राहिले आहे. परंतु जागा आहे की नाही, हे आधी विचारले नाही, तर जखमी दाराशी येऊन ताटकळतो.

पैसा कोठून येतो

पुष्कळांची समजूत अशी की, परदेशात भारतीय जखमी झाला की सरकार विमान पाठविते. जळगावच्या प्रसंगी हवाई दलाचे विमान गेले, कारण तो सामुदायिक घात होता. एकट्या माणसासाठी तसे विमान येईल, या आशेवर बसू नये. एकट्यासाठी वाटा वेगळ्या आहेत.

पहिली वाट भारतीय समुदाय कल्याण निधीची. २००९ साली हा निधी स्थापन झाला आणि २०१७ साली त्याचे नियम अधिक उदार झाले. परदेशात अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयाचे तातडीचे उपचार, राहण्याची सोय, परतीचे तिकीट आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव देह मायदेशी आणणे, यांसाठी वकिलाती त्यातून साहाय्य करतात. ऐपत पाहून मदत मिळते. म्हणून अर्जात घरची खरी स्थिती लिहावी.

दुसरी वाट विम्याची. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर परदेशगमन तपासणीची अट असते. अशा कामगारास आखातातील देशांसह ठरावीक देशांत जाताना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा घ्यावाच लागतो. २०१७ च्या सुधारित योजनेनुसार दोन वर्षांस २७५ रुपये व तीन वर्षांस ३७५ रुपये, अधिक कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. इस्पितळाच्या खर्चाची व मायदेशी परत आणण्याचीही त्यात काही तरतूद आहे. दलालाने ‘कागदपत्रांचे मी पाहतो’ म्हटले तरी विमापत्राची प्रत घरी ठेवून घ्यावी. कित्येक घरांस आपला विमा होता हेच ठाऊक नसते. शिवाय सौदी अरेबियात व संयुक्त अरब अमिरातीत कामगाराचा आरोग्यविमा काढणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून वर वर्णिलेल्या घरातील बापाने बाग उक्ती देण्यापूर्वी हे तीन कागद शोधावेत.

यात्रेकरूंची गोष्ट निराळी. युरोपातील बहुतेक देशांत जावयाचे तर निदान ३० हजार युरोचा, मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह, प्रवासविमा असल्याविना व्हिसाच मिळत नाही. म्हणून रोमला किंवा लूर्दला जाणाऱ्याजवळ विमा असतो. नेपाळला मात्र आपणांस व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते; सीमा ओलांडली हेही नीट जाणवत नाही. तेथेच आपण चुकतो. जो परदेश परका वाटत नाही, तेथे आपण विम्याविना जातो. वास्तविक यात्राखर्चाच्या मानाने थोडक्या दिवसांचा विमा थोडक्या पैशात निघतो. तो घेताना जुने आजार लपवू नयेत, आणि जखमीस परत आणण्याचा खर्च त्यात आहे की नाही, हे वाचून, न कळल्यास विचारून घ्यावे.

तिसरी वाट माणूस सीमेच्या आत आल्यावर उघडते. आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हे कार्ड परदेशात चालत नाही. परंतु मध्य प्रदेशातील कुटुंबास ते नागपुरातील संलग्न रुग्णालयातही वापरता येते. राज्य शासनाने २०२४ साली पीएम श्री हवाई रुग्णवाहिका सेवाही सुरू केली आहे. म्हणून परदेशातील उपचार तातडीपुरते आणि पुढील दीर्घ उपचार आपल्या देशात, अशी वाटणी डॉक्टरांच्या अनुमतीने करता आली तर घर कर्जात बुडत नाही. कार्ड काढले नसेल तर आजच काढावे; संकटाच्या दिवशी ते काढण्यासाठी रांगेत उभे राहण्याइतका धीर कोणास असतो?

निघण्यापूर्वीचा एक कागद

प्रवासास निघणाऱ्याने एका कागदावर एवढे लिहून त्याच्या दोन प्रती कराव्यात: पासपोर्टचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक, विमापत्राचा क्रमांक व मदत केंद्राचा दूरध्वनी, त्या देशातील वकिलातीचा दूरध्वनी, मालकाचे किंवा यात्रा संयोजकाचे नाव, रक्तगट, चालू औषधे, औषधाची वावडी, आणि घरातील ज्या एका माणसाशी बोलावयाचे त्याचा क्रमांक. एक प्रत खिशात, एक घरी. सामानाच्या पेटीत ठेवलेली प्रत अपघाताच्या वेळी पेटीबरोबरच हरवते.

घरातील एकच माणूस बोलण्यास नेमलेला असावा, हेही महत्त्वाचे. पाच नातलग पाच ठिकाणी फोन करतात, प्रत्येक जण निराळे सांगतो, आणि रुग्णालयास कोणाचे ऐकावे ते कळत नाही. वडील माणूस मानाने मोठा असला तरी हिंदी-इंग्रजी बोलू शकणाऱ्या पुतणीवर हे काम सोपविण्यात कमीपणा मानू नये.

आणि येथेच शेजारपाजाऱ्यांचे व धर्मग्रामाचे काम सुरू होते. परक्या गावी बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या उशाशी बसणारे कोणी तरी हवे असते. आखाती देशांत आपली धर्मग्रामे आहेत, नेपाळातही ललितपूर येथे आपले कॅथेड्रल आहे. येथल्या फादरांनी तेथल्या फादरांस एक फोन केला, तर कोणी सिस्टर, कोणी मल्याळी किंवा गोव्याचे कुटुंब रुग्णालयात जाऊन येऊ शकते. तो शुद्धीवर आहे काय, काय खातो, हे आईला फोनवर सांगू शकते. बाग विकावयास निघालेल्या बापास त्या एका निरोपाने केवढा धीर येतो! इकडे शेजाऱ्यांनी वर्गणी काढावी, ती पंचांच्या हाती व हिशेबाने असावी, आणि जखमी घरी आल्यावर संपू नये. मोडलेले हाड जुळण्यास महिने लागतात. डोक्यास मार बसलेल्यास पुन्हा बोलावयास, चालावयास शिकावे लागते. नागपूरच्या फेऱ्या, मालिश व व्यायाम, घरातील कर्ता माणूस अंथरुणावर असताना मुलांची फी, हा सारा प्रवासच आहे, आणि तो विमानप्रवासाहून लांबचा आहे.

त्या शोमरोन्याच्या कथेचा शेवट पुन्हा आठवावा. सकाळी निघताना तो उतारशाळेच्या मालकास दोन दिनार देतो. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. याहून अधिक लागले तर परतताना भरीन, असे तो सांगतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी रोख आणि पुढचा शब्द. जखमीस वाचविण्यास केवळ तेल व द्राक्षारस पुरले नसते. कोणी तरी ‘याची जबाबदारी माझी’ असे म्हणावे लागले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात रुग्णवाहिका आधी येऊन उभ्या राहतात, दगड मागाहून सुटतात. कोणास लागावे अशी कोणाची इच्छा नसते, तरी तयारी असते, आणि ती असते म्हणूनच कित्येकांचे जीव वाचतात. आपला माणूस सीमेपलीकडे निघतो तेव्हा तेवढीच तयारी घराने करावी. शिदोरीबरोबर तो एक कागदही बांधून द्यावा. देव करो आणि त्याची घडी कधी उलगडावी न लागो.